नंबर गेला, पाणी राहिलं

पत्र

डॉक्टर, माझं वय २८. अंबडला एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे, दिवसाचे नऊ तास दोन स्क्रीनसमोर जातात. चौथीपासून चष्मा, नंबर उणे सहा, गेली चार-पाच वर्षं स्थिर. (मध्ये दीड-दोन वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या, पण दुपारनंतर टोचायच्या, म्हणून सोडून दिल्या.) मे महिन्यात लग्न आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांचं लेझर करून घेतलं, लासिक. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय वाचलं आणि आईसमोर रडलो.

आता अकरा आठवडे झाले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, उघडताना सोलल्यासारखं होतं. अकरा वाजेपर्यंत बरं असतं. दुपारी डोळे भगभगायला लागतात, अक्षरं पुसट होतात, पापण्या मिचकावल्या की परत स्पष्ट. संध्याकाळी बाइकवर घळाघळा पाणी. ऑफिसात दोघांनी विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना रे?’ रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं. जिथे ऑपरेशन केलं तिथे दोनदा दाखवलं. तक्ता वाचायला लावला आणि ‘सिक्स बाय सिक्स आहे, सगळं नॉर्मल’ म्हणाले. वर डाव्या डोळ्यात अर्धा नंबर राहिलाय, तो टच-अपमध्ये, म्हणजे पुन्हा थोडं लेझर मारून, फुकट काढून देतो म्हणतात. मेडिकलवाल्याने लाली जाण्याचे थेंब दिले, त्याने तासभर बरं वाटतं. आई म्हणते लेझरने डोळ्यातला ओलावा जाळला. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास आला होता, हे मी तिला सांगून बसलोय. हे कायमचं आहे का? थेंबांची सवय लागते का? टच-अप करू का? मी चूक केली का?

– पाणावलेला, नाशिक

ता. क. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी मारली तर चालेल का?

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकून मोकळे झालात. त्याच्याकडे येतेच, पण आधी पाण्याचं बघू.

डोळे कोरडे पडलेत आणि पाणी घळाघळा वाहतंय, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण डोळ्याला दोन तऱ्हेचं पाणी सुटतं. एक दिवसभर नकळत झिरपत असतं आणि बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ओलं ठेवतं. दुसरं कांदा चिरताना येतं तसलं. डोळ्यावर वारा आला, आधीच कोरडी पडलेली जागा झोंबली, की मेंदू एकदम नळ सोडतो. त्या लोंढ्यात तेल नसतं, चिकटपणा नसतो, तो बुबुळावर ठरत नाही आणि गालावरून ओघळून जातो. तुम्ही द्राक्षांच्या जिल्ह्यात राहता. वेलीला ठिबक हवं असताना बांधावर टँकर रिकामा केला तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. बाइकवर तुमचं तेच होतंय.

आता जे नकळत झिरपतं, ते तरी नुसतं पाणी असतं का? बुबुळाला लागून एक बुळबुळीत थर असतो, त्यामुळे पाणी पसरून धरलं जातं. मध्ये पाणी, आणि सगळ्यात वर तेलाची अगदी पातळ साय. ही साय नसेल तर खालचं पाणी भराभर उडून जातं. तेल येतं पापण्यांच्या कडेतून. आरशात खालची पापणी जरा ओढून पाहा, पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसेल. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. डोळ्यांत तेल घालून राखण करणं हा आपला नुसता वाक्प्रचार आहे, तुमच्या पापण्या ते काम दर मिनिटाला पंधरा-वीस वेळा करतात. निदान करायला हव्यात. स्क्रीनसमोर माणूस निम्म्याहून कमी वेळा पापणी लववतो, आणि लववतो तीही अर्धवट, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. म्हणजे बुबुळाच्या खालच्या भागाला ना पाणी मिळतं ना तेल.

तुमची दुपारची पुसट अक्षरं यातूनच येतात. पापणी मिचकावली की स्पष्ट दिसतं, हे तुम्ही नेमकं लिहिलंत ते बरं झालं. नंबर उरल्यामुळे पुसट दिसत असेल तर मिचकावून असा फरक पडत नाही. मिचकावल्यावर चित्र लख्ख होतं आणि चार-पाच सेकंदांनी पुन्हा विरघळतं, याचा अर्थ अश्रूंचा थर फाटतोय.

आता आईंचं म्हणणं. वास आला हे खरं आहे, तो बऱ्याच जणांना येतो. पण जळलं असं काही नाही. या कामाचा एक्सायमर लेझर म्हणजे १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. तो उतींमधल्या रेणूंचे बंध तोडतो, तापवत नाही, आणि शेजारच्या भागाला जवळपास काही होत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगास्वामी श्रीनिवासन यांना. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते ते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांच्याकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणात उरलेल्या टर्की पक्ष्याचे तुकडे घेऊन ते प्रयोगशाळेत गेले आणि त्यावर हा लेझर मारून पाहिला. भाजल्याची खूण नाही, चीर मात्र सुरीने कापावी तशी स्वच्छ. आईंना ही गोष्ट सांगा. पटेल की नाही माहीत नाही, पण उष्ट्या टर्कीवर त्या नक्की हसतील.

ओलावा गेलाय तो दुसऱ्याच कारणाने. लासिकमध्ये आधी बुबुळाचा एक पापुद्रा, साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, गोल कापून दाराच्या फळीसारखा उलटतात. एक बिजागरी तेवढी शाबूत राहते. मग खालच्या थरावर लेझर फिरतो, फळी पुन्हा जागेवर बसते, टाका घालत नाहीत. बुबुळ मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचं, आणि त्यात संवेदनेचे तंतू इतके दाट की शरीरात त्याला तोड नाही. हे तंतू कडेकडून आत येतात. पापुद्रा कापताना बिजागरीकडचे वाचतात, बाकीचे कापले जातात. डोळा कोरडा पडतोय ही वर्दी मेंदूला हेच तंतू देतात, मग मेंदू अश्रुग्रंथीला आणि पापणीला कामाला लावतो. तंतू तुटले, वर्दी थांबली. तुमची ग्रंथी धडधाकट आहे, फक्त तिला कोणी काही कळवत नाही. उणे सहा म्हणजे लेझरचं काम तुलनेने खोल गेलेलं, त्यामुळे तुमच्याकडे हा प्रकार उणे दोनवाल्यापेक्षा जास्त.

तंतू परत वाढतात, पण हळू. वाढणारी नवी टोकं काही काळ चिडखोरही असतात, साध्या वाऱ्यानेही झोंबतात. बहुतेकांना तीन महिन्यांनंतर उतार पडायला लागतो आणि सहा महिने ते वर्षभरात डोळ्यांची आठवण राहत नाही. म्हणजे तुम्ही सध्या घाटाच्या सगळ्यात कठीण वळणावर आहात. एकटेही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लासिकवर एक मोठी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ज्यांना आधी कोरडेपणाचा काहीच त्रास नव्हता, त्यांतल्या २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आणि तरी त्या पाहणीतले बहुसंख्य लोक ऑपरेशनवर खूश होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुमचं घड्याळ आणि तुमच्या चिकटलेल्या पापण्या तेच सांगतात.

कायमचं राहतं का? थोड्या लोकांचं राहतं. ‘शंभर टक्के जाईल’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोणाचं राहील याचा अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्यासाठीच मला तुमचा तो कंस हवा होता.

लेन्स दुपारनंतर टोचायच्या, म्हणून सोडल्या. तेवीस-चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाला लेन्स दुपारी का टोचावी? सकाळी ठीक, दुपारनंतर नाही, हे आजच्यासारखंच की. बहुधा तुमच्या पापण्यांच्या तेलग्रंथी तेव्हापासूनच नीट पाझरत नसाव्यात. असे कितीतरी लोक लेझरला येतात. लेन्स सहन होत नाही म्हणून ऑपरेशन, आणि जे लेन्सला नडत होतं तेच पुढे ऑपरेशनला नडतं. आधी पापण्यांवर तीन महिने उपचार करून मग लेझर केलं असतं, तर आज तुम्हाला इतकं झोंबलं नसतं असं मला वाटतं. लहान छेदातून करायची स्माइल पद्धतही सुचवता आली असती. तीत दोन ते चार मिलिमीटरचा काप पुरतो, लासिकचा गोल काप वीसच्या आसपास जातो, त्यामुळे पहिल्या महिन्यांत कोरडेपणा कमी जाणवतो.

‘मी चूक केली का?’ याचं उत्तर त्यातच आलं. लेझर करायचं ठरवलंत त्यात मला काही खोट दिसत नाही. नंबर स्थिर होता, वय योग्य होतं. लेन्स का सोडली, हा प्रश्न तुम्हाला तपासणाऱ्याने विचारायचा होता. तो स्वतःला विचारायची तुमची जबाबदारी नव्हती.

आता ‘सगळं नॉर्मल’. हे वाक्य मीही उच्चारलेलं आहे, म्हणून थोडं त्यांच्या बाजूने आणि थोडं माझ्या विरोधात बोलते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षिकाबाई लेझरनंतर तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी तक्ता वाचायला लावला, तिन्ही वेळा त्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली, आणि मी छान आहे म्हणून पाठवून दिलं. तिसऱ्या वेळी दारातून मागे वळून त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचा तक्ता दोन मिनिटांचा आहे. माझा वर्ग पाच तासांचा.’ मी त्यांना परत बसवलं, डोळ्यात पिवळा रंग सोडून पाहिलं. तीन सेकंदांत बुबुळावर काळे डाग पडायला लागले, उन्हाने तळ्याचा तळ उघडा पडावा तसे.

ही तपासणी तुमची झाली आहे का? पत्रावरून तरी वाटत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा ‘डोळे दुखतात’ असं सांगू नका. सरळ विचारा, ‘माझ्या अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो?’ दहाच्या खाली म्हणजे कमी. मग कागदाच्या पट्टीची तपासणी, खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवून ठेवतात. पट्टी दहा मिलिमीटरहून जास्त भिजली तर पाणी पुरेसं, पाचाच्या आत राहिली तर बरंच कमी. आणि तिसरं, पापणीची कड दाबून तेल कसं येतंय ते पाहायला सांगा. खोबरेल तेलासारखं पातळ यायला हवं. टूथपेस्टसारखं घट्ट येत असेल तर तुमचं निम्मं दुखणं तिथे आहे. ऑपरेशन केलं त्यांनी हे करून दिलं तर उत्तम. टाळाटाळ केली तर बुबुळाचे म्हणजे कॉर्नियाचे तज्ज्ञ गाठा. दुसरं मत घ्यायला संकोच कसला, डोळा तुमचा आहे.

तोवर घरी काय करायचं ते सांगते.

मेडिकलवाल्याची ती बाटली आज कचऱ्यात टाका. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आवळतात, तासाभराने त्या पुन्हा फुगतात, आधीपेक्षा जास्त. सवय लागते ती असल्या थेंबांची. आणि बाटलीवर नाव एकदा नीट वाचा. त्यात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असेल तर मामला आणखी गंभीर. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस स्टेरॉइड देतात ते बरोबर, पण मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, आणि हे सगळं काही न दुखता होतं. असं काही घातलं असेल तर पुढच्या तपासणीत दाब मोजून घ्या.

त्याऐवजी कृत्रिम अश्रू. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट यांतलं काहीही चालेल. यांची सवय लागत नाही, तहान लागली की पाणी प्यायची जितकी सवय लागते तितकीच. अट एकच, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. साध्या बाटल्यांत बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं. दिवसातून चारदापेक्षा जास्त वेळा घातलं तर ते बुबुळाच्या पृष्ठभागाला उलट त्रास देतं, आणि तुम्हाला सध्या दर दोन-तीन तासांनी थेंब लागणार आहेत. एकेकट्या वापराच्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या येतात, महाग पडतात, पण तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. डोळे भगभगायची वाट पाहू नका. दहाला, साडेबाराला, तीनला, गजर लावून.

थेंब घालायची रीतही सांगते, कारण दहातले आठ जण चुकीची घालतात. खालची पापणी बोटाने ओढा, खिसा होतो. त्यात एकच थेंब. दोन घातले तर दुसरा गालावर, खिशात एक थेंबही पुरता मावत नाही. टोक पापणीला लावायचं नाही. मग डोळा मिटा, मिचकावू नका, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलकेच दाबून धरा. तिथे एक बारीक छिद्र आहे, अश्रू त्यातून नाकात उतरतात. औषधाची कडू चव घशात येते ती त्यामुळेच. दुसरा कुठला थेंब असेल तर पाच मिनिटांनी.

झोपताना जेल. घातल्यावर धुरकट दिसतं, म्हणून मोबाइल बाजूला ठेवून, दिवा मालवायच्या बेतात घाला. सकाळी डोळे झटक्याने उघडायचे नाहीत. पापण्या मिटलेल्याच ठेवून आतल्या आत बुबुळ हळू डावी-उजवीकडे फिरवा, मग नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब सोडा आणि पापण्या सावकाश उघडा. ते सोलल्यासारखं होणं दोन-तीन दिवसांत कमी होईल. नाहीच झालं तर आईंना सांगा, तुम्ही झोपल्यावर बॅटरी लांबून धरून पाहा, पापण्यांत फट राहते का. बऱ्याच जणांची राहते आणि पंख्याचा वारा रात्रभर तिथे बसतो. पंख्याची दिशा नाही बदलता येत, पलंगाची येते.

आईंसाठी आणखी एक काम आहे, आणि ते त्यांना येतं. लहानपणी डोळ्यात काही गेलं की त्यांनी पदराचा बोळा करून, त्यावर तोंडाची वाफ सोडून तुमच्या डोळ्याला शेक दिला असेल. तेच करायचं आहे, फक्त जास्त वेळ. घट्ट झालेलं तेल वितळायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि ती आठ-दहा मिनिटं टिकावी लागते. पदर तर सोडाच, गरम पाण्यात पिळलेला रुमालही मिनिट-दोन मिनिटांत गार होतो. म्हणून दोन रुमाल घ्या, एक डोळ्यांवर, एक पातेल्यात, आळीपाळीने. मनगटाला सोसेल इतकंच गरम. शेकून झालं की वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेपाशी अलगद बोट फिरवायचं. पण मालीश सुरू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा, कारण त्या पापुद्र्यावर दाब यायला नको. चोळायचे तर डोळे कधीच नाहीत. पापुद्रा जागेवर बसतो खरा, पण मूळच्या बुबुळाइतका तो पुन्हा कधी मजबूत होत नाही. ऑपरेशननंतर काही वर्षांनीही जोराचा मार बसून तो सरकल्याची उदाहरणं आहेत.

ऑफिस. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत असेल तर खाली उतरवा. नजर खाली झुकली की पापणी जास्त झाकते, तेवढं बुबुळ कमी उघडं पडतं. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहायचं हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल, आणि माझ्या माहितीत ते नेमाने करणारा एकही इंजिनिअर नाही. त्यापेक्षा हे करा. ड्रॉइंग सेव्ह केलं की डोळे पूर्ण मिटा, दोन सेकंद थांबा, उघडा, पुन्हा एकदा. तुम्ही दिवसात किती वेळा सेव्ह करता ते तुम्हाला माहीत.

बाइकवर हेल्मेटची काच खाली, आणि आत झिरो नंबरचा, बाजूने वळलेला चष्मा. हो, पुन्हा ढापण्या. तीन-चार महिने. दिव्यांभोवतीचं कडं बहुधा याच काळात ओसरेल. तोवर रात्रीचा कसारा घाट दुसऱ्याला चालवू द्या.

लग्नघर आहे, म्हणून एक विचारते. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी कोणी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्यात का? त्याने तेलग्रंथी सुकतात, चेहऱ्याच्या आणि पापण्यांच्याही. चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांबद्दल सांगा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्याही डोळे कोरडे करतात. गुलाबपाणी, मध, तूप यांतलं काही डोळ्यात जाता कामा नये, घरातली कितीही मोठी व्यक्ती म्हणाली तरी. माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर घ्या, पण मोठ्या आशेने नको. अमेरिकेत पाचशेवर लोकांवर प्रयोग केला, काहींना वर्षभर रोज तीन ग्रॅम ओमेगा-थ्री (माशाच्या तेलातला घटक) दिलं, तुलनेसाठी बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. २०१८ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं होतं. जवसाची चटणी खा, ती चवीला चांगली असते.

एवढं दोन महिने इमानाने करूनही फरक पडला नाही, किंवा तपासणीत बुबुळावर बरेच डाग दिसले, तर पुढची पायरी डॉक्टरांची. सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात, ते सूज कमी करतात. घातल्यावर झोंबतात आणि गुण यायला तीनेक महिने लागतात. बरेच लोक दुसऱ्या आठवड्यात वैतागून सोडतात आणि औषध वाया घालवतात. दुसरा उपाय म्हणजे नाकाकडच्या त्या छिद्रात मोहरीहून बारीक बूच बसवायचं, पाणी वाहून जाणं थांबतं. पाच मिनिटांचं काम, नको असेल तर काढताही येतं. फार त्रास असेल तर रुग्णाच्याच रक्तातल्या द्रवाचे थेंब करून देतात. अगदी थोड्या लोकांत तपासणी सगळी चांगली येते आणि तरी आग होत राहते. ते दुखणं तंतूंचंच असतं, त्याचे उपचार वेगळे. तुमची लक्षणं वाचून मला तसं वाटत नाही, पण तसं कोणाला झालं तर ते मनाचे खेळ नसतात, एवढं लक्षात असू द्या.

टच-अप करू नका. निदान आत्ता नाही. कोरड्या डोळ्यावर मोजलेला नंबर सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा येतो, मग लेझर नेमका कोणत्या नंबरावर मारणार? आधी पृष्ठभाग सुधारू द्या, सहा महिने जाऊ द्या, महिन्याच्या अंतराने दोनदा तोच नंबर येऊ द्या. अर्धा नंबर त्यात आपोआप विरघळायची बरीच शक्यता आहे. आणि नाही विरघळला तरी सिक्स बाय सिक्स वाचणाऱ्या माणसाने अर्ध्या नंबरासाठी पापुद्रा पुन्हा उचलून घेणं मला पटत नाही. फुकट आहे म्हणून तर मुळीच नाही.

मात्र एकदम जोरात दुखायला लागलं, एका डोळ्याने अचानक कमी दिसलं, प्रकाश सहन होईना, डोळा लालभडक झाला, पू आला किंवा डोळ्याला मार बसला, तर थेंब-शेक काही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रविवार असला तरी.

आणि एक कागदोपत्री काम, जे ऑपरेशननंतर कोणी सांगत नाही. तुमच्या ऑपरेशनआधीच्या सगळ्या तपासण्यांची प्रत मागून घ्या: जुना नंबर, बुबुळाची वक्रता, जाडी, लेझरने किती मायक्रॉन काढले. लेझर झालं तरी चाळिशी चाळिशीतच लागते, आणि साठी-सत्तरीत मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ येईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला हे जुने आकडे फार उपयोगी पडतात. तोवर ते हॉस्पिटल कुठे असेल कोणास ठाऊक. फाइल लग्नाच्या अल्बमपाशी ठेवा, घरात ती एकच वस्तू कधी हरवत नाही.

ता. क. रहाड. माझं माहेर नाशकातल्या तिवंध्याजवळचं, त्यामुळे वर्षभर बुजवून ठेवलेली रहाड उघडली की पाय कसे शिवशिवतात ते मला कळतं. रंगपंचमीला तुमचे तीन महिने पुरे होतील, पापुद्रा तोवर बऱ्यापैकी बसलेला असेल. पण शेकडो लोकांच्या अंगावरून आलेलं ते पाणी, वरून कोणाचं कोपर डोळ्यावर आपटायची धास्ती, आणि चिडलेलं बुबुळ. रंग फुलांचा असला तरी नको. या वर्षी झिरो नंबरचा चष्मा लावून काठावर उभे राहा, होणाऱ्या बायकोला धप्पा, म्हणजे रहाडीतली ती उडी, मारू द्या.